साळखात्यातली बोली

थॉर्नक्लफमध्ये इतिहासाचा वर्ग दर बुधवारी दुपारी दोनला भरायचा, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत. वर्ग म्हणायचं आपलं. शिकवणारे डकवर्थ मास्तर निवृत्त झालेले, शिकणारे त्यांच्याहून म्हातारे, आणि शिकायचं काय, तर स्वतःचंच आयुष्य. कुणी जुना फोटो आणायचं, कुणी चॅपलच्या सहलीचं पत्रक. मग होल्डन खाटकाचं दुकान स्टेशन रोडच्या डाव्या अंगाला होतं की उजव्या, यावर पाऊण तास खडाजंगी व्हायची. दोन्हीकडचे साक्षीदार ऐंशीच्या घरातले, त्यामुळे निकाल लागायच्या आत चहा यायचा. या सगळ्या आठवणींचं मास्तर एक पुस्तक काढणार होते. गेली चार वर्षं काढणारच होते.

मेबल आस्पिनॉल या वर्गाला यायची ती काही इतिहासाच्या ओढीने नव्हे. ग्रंथालयात ऊब चांगली असते आणि बिस्किटं फुकट असतात, असं ती स्वतःच सांगायची. खरं कारण निराळं होतं. बुधवार सोडला तर आठवड्यात तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. वय त्र्याहत्तर, नवरा स्टॅन्ली जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलता एक रॉनल्ड ऑस्ट्रेलियात, आणि कान म्हणाल तर ते गिरणीने केव्हाच खाल्लेले. चौदाव्या वर्षी ती टॉप मिलच्या साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात शिरली, ती गिरणीलाच टाळं लागलं तेव्हा बाहेर पडली. एका छपराखाली सातशे माग, प्रत्येकाचा धोटा मिनिटाला दोनशे वेळा इकडून तिकडे. तिथे चाळीस वर्षं काढलेल्या बाईचे कान शाबूत राहतील कसे?

त्या खात्यात आवाज वापरून उपयोग नसायचा. बायका ओठांनी बोलायच्या. आवाज अजिबात नाही, नुसते ओठ, तेही मोठे मोठे हलवून, जोडीला भुवया आणि हात. गावात त्याला मीमॉ म्हणतात. नवखी पोरगी महिन्याभरात शिकायची आणि सहा महिन्यांत चाळीस पावलांवरून वाचायला लागायची. कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाला दिवस गेले, मागांवरचा मुकादम, म्हणजे जॉबर, आज कुठल्या पायावर उठलाय, सगळं मागांच्या डोक्यांवरून इकडून तिकडे जायचं. एक नियम मात्र पक्का होता. समोरची बोलत असताना नजर खाली घालायची नाही. मान खाली घातली की तू बहिरी झालीस, आणि बोलणारीकडे पाठ फिरवल्यासारखंच ते.

ही बोली मग घरीही यायची, चॅपलात यायची, बाजारात यायची. भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या गावात समोरच्या फुटपाथला डोळे असायचे. म्हणून थॉर्नक्लफच्या बाया गुपित सांगताना कुजबुजायच्या नाहीत, तोंडाशी हात धरायच्या. अजूनही एखादी म्हातारी बस थांब्यावर तोंडाशी हात धरून बोलताना दिसली की समजायचं, ही साळखात्यातली.

पण दिसायच्याच बंद झाल्या होत्या त्या. गिरणी बंद पडून पंधरा वर्षं झाली आणि बाया एकेक करून निघून गेल्या. घरात स्टॅन्ली होता तोवर मेबलला काही कमी जाणवलं नाही. तो मागांचा जॉबर, ओठांची बोली त्याला बायकोइतकीच यायची, भांडणंसुद्धा दोघं बिनआवाजी करायची. तो गेल्यावर घरात खरी शांतता आली. सरकारने दिलेलं कानातलं यंत्र नुसतं सूं सूं करायचं. लोक एकतर तिच्या अंगावर ओरडायचे, नाहीतर बोलता बोलता तोंड फिरवायचे. दुकानातली पोरगी च्युइंगगम चघळत बोलायची, तिचं काय वाचणार? बातम्या सांगणाऱ्याला मिशा. रॉनल्ड नाताळात फोन करायचा आणि फोनला ओठ नसतात. ती आपली "हो हो, मी बरी आहे" म्हणून ठेवून द्यायची.

गेल्या हिवाळ्यात एथेल बूथ गेली, आणि गावात ही बोली येणाऱ्या दोघीच उरल्या. एक मेबल, स्प्रिंग लेन, घर नंबर चौदा. दुसरी आयव्ही टॅटरसॉल, स्प्रिंग लेन, घर नंबर सतरा. समोरासमोर. मध्ये बारा पावलांचा रस्ता. आणि त्या दोघी एकमेकींशी एक्कावन्न वर्षं बोललेल्या नव्हत्या.

का बोलत नाहीत हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारायचं वय असलेली माणसं मरून गेली होती आणि नवी माणसं समजत होती की असेल काहीतरी मांजरावरून.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी डकवर्थ मास्तर मेबलच्या समोर येऊन बसले. हा माणूस तिला आवडायचा, कारण तो दाढीमिशा राखत नव्हता आणि तिच्याकडे तोंड करून बोलायचा.

"मिसेस आस्पिनॉल, शिक्षण खात्याकडून व्हिडिओ कॅमेरा मिळालाय, दोन आठवड्यांसाठी. मला तुमची ती ओठांची बोली टिपून ठेवायचीय. तुमच्यानंतर ती कुणाला येणार नाही."

"काढा की. मी काय पळून चाललेय?"

"पण एकट्याने कसं बोलणार? दोघी हव्यात."

मेबलने बशीतलं बिस्किट उचललं.

"मिस टॅटरसॉलना मी चिठ्ठी टाकली होती. उत्तर नाही आलं. तुम्ही समोरच राहता ना? जरा विचारून बघा."

"बघते," मेबल म्हणाली. कॅमेऱ्याचं तिला काही पडलं नव्हतं. पण आयव्हीच्या दारात जायला एक कारण मिळालं होतं, आणि एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदाच मिळालं होतं. तिला आयव्हीला एक गोष्ट सांगायची होती. ती न सांगता दोघींतली एक मेली असती तर मेबलला जन्मभराचंच नव्हे, मेल्यानंतरचंही ओझं झालं असतं.

गोष्ट तेहतीस सालातली. दोघी बाविशीच्या, शेजारशेजारच्या मागांवर, येता-जाता हातात हात. आयव्हीचं लग्न ठरलं होतं हर्बर्ट क्लेगशी. हर्बर्ट गिरणीच्या कचेरीत कारकून, कडक कॉलरचा, म्हणजे साळखात्यातल्या पोरीला लॉटरीच. आयव्हीची आई वारली असं गाव समजत होतं. ती वारली नव्हती. ती पंधरा मैलांवरच्या वेड्यांच्या इस्पितळात होती, आयव्ही दहा वर्षांची असल्यापासून. हे फक्त मेबलला ठाऊक होतं, कारण महिन्यातल्या एका रविवारी दोघी बसने तिथे जायच्या. मेबल बाहेर बाकावर बसून राहायची, आयव्ही रडून बाहेर आली की तिला घेऊन परत यायची. त्या काळी घराण्यात वेड आहे म्हटलं की सोयरीक संपली.

व्हिटसनच्या, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या सणाच्या मिरवणुकीत चॅपलच्या पोरी दरवर्षी पांढरे झगे घालून गावातून चालायच्या. त्या वर्षी निशाणाची रेशमी दोरी धरायचा मान आयव्हीला होता, आणि दोरी धरलेल्या हातात हर्बर्टने दिलेली साखरपुड्याची अंगठी. मागच्या रांगेत मेबल आणि एथेल. चौकात मिरवणूक थांबली, बँडने जोर धरला. एथेल ओठांनीच म्हणाली, "बघ तरी कशी मिरवतेय. हिच्या आईचं थडगं कुठे आहे गं? कधी फुलं घेऊन जाताना दिसली नाही."

मेबलने सांगून टाकलं. का सांगितलं, हे तिने स्वतःला हजारदा विचारलं आणि उत्तर दर वेळी तेच आलं. अंगठी. पोटात दुखत होतं तिच्या. "थडगं कसलं? आई जिवंत आहे. वेड्यांच्या इस्पितळात. बारा वर्षं झाली."

तोंडाशी हात धरायला ती विसरली. बँडच्या गोंगाटात साळखात्याची सवय वर आली आणि ती भर चौकात मोठे मोठे ओठ हलवून बोलली. समोरच्या फुटपाथवर हर्बर्टची आई उभी होती. तीस वर्षं माग चालवलेली बाई. मेबलने वर बघितलं तेव्हा मिसेस क्लेगची नजर तिच्या तोंडावरच होती.

लग्न मोडलं. मेबल तीन आठवडे आयव्हीबरोबर गिरणीत जात राहिली, तिचे डोळे पुसत राहिली आणि आपलं नाव पोटात दाबून राहिली. मग एका सकाळी आयव्ही घरातून निघाली आणि पलीकडच्या फुटपाथवरून चालायला लागली. मागही बदलून घेतला. तेव्हापासून पलीकडचा फुटपाथ आयव्हीचा आणि अलीकडचा मेबलचा. मेबल पुढे स्टॅन्लीशी लग्न करून याच गल्लीत राहायला आली, कारण दुसरीकडे घर मिळेना. आयव्हीला हर्बर्टनंतर कुणी विचारलं नाही.

मेबलने चांगला कोट चढवला आणि बारा पावलं चालून गेली. दार उघडलं, साखळीपुरतं.

"डकवर्थ मास्तरांनी पाठवलंय," मेबल मोठ्याने म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, पण गल्लीला नक्की गेला असणार. "त्यांना आपली बोली टिपायचीय. दोघी लागतात."

आयव्ही तिच्याकडे बघत राहिली. वाळून काटकी झाली होती, पण पाठ ताठ. मग तीही आवाजाने बोलली, ओठ जेमतेम हलवून. साळखात्यातल्या बाईने साळखात्यातल्या बाईशी असं बोलणं म्हणजे तोंडावर दार आपटणंच, पण मेबलने ते गिळलं.

"मास्तरांना सांग, येईन. काम आहे ते. कामाला मी कधी नाही म्हटलं नाही."

आणि दार खरोखरच बंद झालं.

पुढच्या बुधवारी वरच्या खोलीत दोन खुर्च्या जराशा तिरक्या मांडल्या होत्या. कॅमेऱ्यामागे डकवर्थ मास्तर घामाघूम, त्यांना मदतीला ग्रंथालयातली जॅनिस. बाकीचा वर्ग भिंतीशी बसलेला, होल्डन खाटकाला आजच्यापुरती सुट्टी. आयव्ही आली, हॅट न काढता बसली आणि समोरच्या कपाटाकडे बघत राहिली. मेबलला वाटलं, ही आता पुतळ्यासारखी बसणार आणि उठून जाणार.

पण मास्तरांनी एक शहाणपणा केला होता. कुठल्याशा संग्रहालयातून त्यांनी चालत्या मागांच्या आवाजाची टेप आणली होती. "साळखात्यासारखं वाटावं म्हणून," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबून आवाज पार वर चढवला. भिंतीजवळच्या लोकांनी कानांवर हात घेतले. मेबलला ऐकू फारसं आलं नाही, पण फरशी थरथरायला लागली, ती थरथर खुर्चीच्या पायांतून तिच्या पायांत चढली आणि तिचा चेहरा आपसूक सैल झाला. तिने समोर बघितलं. आयव्हीचाही झाला होता.

"नाकावर पावडर जास्त झालीय तुझ्या," आयव्हीचे ओठ म्हणाले.

एक्कावन्न वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. मेबलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि हसूही फुटलं.

"कॅमेरा आहे म्हटल्यावर लावली."

"हां. पिठात पडल्यासारखी दिसतेयस."

मास्तर कॅमेऱ्यामागून अंगठा दाखवत होते, छान चाललंय म्हणून. मेबलला कळलं, आत्ता नाही तर कधीच नाही. इथे तीस माणसं बसलीत आणि एकालाही कळणार नाही. याहून मोठा एकांत कुठे मिळणार?

"आयव्ही, तुझ्या आईचं मी सांगितलं होतं. एथेलला. मिरवणुकीत."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. अंगठी परत न्यायला हर्बर्ट आलाच नाही, त्याची आई आली. तिनेच सांगितलं. म्हणाली, तुझी मैत्रीण चव्हाट्यावर बोलत होती."

"मग ते तीन आठवडे? तू माझ्याबरोबर यायचीस, जायचीस."

"वाट बघत होते. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. तू माझे डोळे पुसलेस. केक करून आणलास. माझ्या घरात बसून म्हणालीस, कोण असेल गं एवढी नीच."

"भ्याले मी."

"मला काय वाटायचं, तू सांगितलंस तर मी दोन मुस्काटात देईन आणि विसरून जाईन. तू मला मारायचीसुद्धा संधी दिली नाहीस."

"चुकलं माझं, आयव्ही. अंगठी बघवली नाही मला. माफी माग म्हणशील तर इथे सगळ्यांसमोर मागते."

आयव्हीचे हात मांडीवर होते, ते एकमेकांत गुंतले. "हर्बर्टचं मला काही नाही. आईच्या पदराखालचं बुजगावणं ते. गेला, सुटले. पण त्यानंतर गावात कुणीच विचारलं नाही. घराण्यात वेड आहे ना. तुझा रॉनल्ड माझ्या पायरीवर बसून गोट्या खेळायचा. मी दार लावून घ्यायचे." तिचे ओठ थांबले आणि मग अगदी हळू, एकेक अक्षर सुटं करून हलले. "मला पोरं हवी होती, मेबल."

मेबलची मान खाली गेली. ती रडायला लागली, हुंदक्यासरशी मान हलत राहिली, हो, हो, माझंच चुकलं, माझंच. किती वेळ तशी बसली तिला कळलं नाही. फरशीची थरथर बंद झाली म्हणून तिने वर बघितलं, तेव्हा मास्तरांनी टेप थांबवली होती, लोक टाळ्या वाजवत होते आणि आयव्ही उठून कोटाची बटणं लावत होती.

"वाहवा," मास्तर म्हणाले. "अभिनय तर असा, की मिसेस आस्पिनॉल, तुम्ही खरंच रडलात. काय बोलत होतात एवढं?"

"हवापाणी," आयव्ही आवाजाने म्हणाली आणि जिना उतरून गेली.

घरी जाताना आयव्ही पुढे होती, पलीकडच्या फुटपाथवर. मेबल अलीकडच्या. सांगायचं ते सांगून झालं होतं आणि माफी मिळाली नव्हती. मिळायचं कारणही नव्हतं, असं मेबलने ठरवून टाकलं. तिने मागितली, त्या बाईने खरं ते तोंडावर सांगितलं. आता कुठल्या तोंडाने तिच्याकडे बघायचं? त्या दिवसापासून मेबल खिडकीत उभी राहायची ती पडद्याआडून.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, तिला दिसलं की सतरा नंबरचं दार वीतभर उघडं आहे. नोव्हेंबर लागायला आलेला, वारा असा की पाईप गोठावेत, आणि ही बाई दार उघडं टाकून बसलीय. वास घालवत असेल काहीतरी करपल्याचा, मेबलला वाटलं. अंधार पडल्यावर दार लागलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मेबलच्या मनात आलं, जाऊन सांगावं, अगं निमोनिया होईल. ती दारापर्यंत गेली, कोटाला हात घातला आणि मग परत फिरली. नको असलेल्या माणसाने कशाला जायचं? त्याच्या पुढच्या गुरुवारी दार बंद होतं, आणि नंतर ते कधी उघडं दिसलं नाही. दुधाच्या बाटल्या घ्यायला आयव्ही बाहेर यायची, पण एकदाही समोर बघायची नाही.

जानेवारीत आयव्ही गेली. छाती भरली आणि चार दिवसांत आटोपलं. चॅपलात अकरा माणसं होती. मेबल शेवटच्या बाकावर बसली. पाद्रीबुवांनी मान खाली घालून प्रवचन वाचलं, तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. आयव्हीबद्दल त्यांना ठाऊक तरी काय होतं म्हणा. परत आल्यावर तिने चहा टाकला, एक कप घेतला आणि समोरच्या बंद पडद्यांकडे बघत बसली. भांडायला का होईना, या गावात तिची बोली बोलणारं एक माणूस होतं. आता ती बोली फक्त तिलाच येत होती, आणि एकट्याला येणाऱ्या बोलीचा उपयोग काय? त्या रात्री ती स्टॅन्लीसाठी रडली नव्हती तेवढी रडली.

मार्चमध्ये व्हिडिओची टेप तयार होऊन आली. मास्तरांनी बुधवारी टीव्ही आणवला. "आज आपण दोघींच्या संवादाचा मजकूर लिहून घेणार आहोत," त्यांनी जाहीर केलं. "पुस्तकात छापायचा. मिसेस आस्पिनॉल बघून सांगतील, जॅनिस लिहून घेईल."

मेबलला पळून जावंसं वाटलं. पण टीव्हीवर आयव्ही दिसली, हॅट घातलेली, ताठ, जिवंत, आणि मेबलचे पाय हलेनात. कॅमेऱ्याने आयव्हीचं तोंड समोरून घेतलं होतं, मेबल बाजूने दिसत होती.

"काय म्हणतायत?" जॅनिसने पेन सरसावलं.

"नाकावर पावडर जास्त झालीय म्हणतेय," मेबल म्हणाली. वर्ग हसला.

तिथून पुढे मेबल खोटं बोलली. पडद्यावर आयव्ही हर्बर्टच्या आईचं सांगत होती आणि मेबल जॅनिसला सांगत होती, यंदा पाऊस फार, धुणं वाळत नाही. आयव्ही म्हणत होती, कोण असेल गं एवढी नीच, आणि जॅनिस लिहीत होती, बटाटे कुजले. डोळ्यांनी एक वाचायचं आणि तोंडाने दुसरं बोलायचं, घाम फुटला तिला. "मला पोरं हवी होती" आलं तेव्हा ती म्हणाली, "वारा उत्तरेचा आहे." पडद्यावरच्या मेबलने मान खाली घातली.

आणि पडद्यावरची आयव्ही बोलतच राहिली.

मेबल खुर्चीत पुढे सरकली. हे तिने पाहिलंच नव्हतं. आयव्ही तिच्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे तोंड करून बोलत होती. एवढं सगळं बोलून झाल्यावर तिलाही समोर बघवेना. ओठ लहान लहान हलत होते. मग ती वळली आणि एकच शब्द विचारला, भुवया उंचावून. पडद्यावरची मेबल मान हलवत होती. हो, हो. आयव्हीच्या चेहऱ्यावर हसूच म्हणावं असं काहीतरी आलं, आणि ती उठून कोटाची बटणं लावायला लागली.

"मागे घ्या," मेबल म्हणाली.

मास्तरांनी टेप मागे घेतली.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा दाखवून झाल्यावर खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. जॅनिस पेन धरून थांबली होती. "इथे काय म्हणतायत मिस टॅटरसॉल?"

मेबलला आता हवापाणी सुचेना. तिने शब्द न् शब्द खरा सांगितला. "ती म्हणतेय, झालं ते झालं. आता दोघीच उरलोय, बोलायला दुसरं कोण आहे? गुरुवारी चहाला ये. तुला दाराची घंटा वाजवायला लाज वाटेल म्हणून दार उघडं ठेवते. आणि मग विचारतेय, येशील?"

"किती छान," जॅनिस लिहिता लिहिता म्हणाली.

"शेवट गोड झाला की," मास्तर म्हणाले. "आणि तुम्ही लगेच हो म्हणताय, दिसतंय इथे. मग, गेला होतात की नाही चहाला?"

"नाही," मेबल म्हणाली. "माझी मान खाली होती."